देवाची पाठ

सभा अकराला होती आणि विषयपत्रिकेत पाचव्या क्रमांकावर सुनेत्राची पूजा होती. 'पूजेची व्यवस्था : चर्चा व मतदान' असं ऊर्मिलाने आधी जर्मनमध्ये आणि खाली, आश्रम काढणाऱ्या दादांनी शिकवलेल्या, गोलगोल मराठी अक्षरांत लिहिलं होतं. चौदा दिवस आधी तिने ते सगळ्या सभासदांना पोस्टाने धाडलं होतं, कारण आश्रमाच्या फेरआइनच्या, म्हणजे नोंदलेल्या संस्थेच्या, घटनेत तसं होतं. सुनेत्राचं पत्रही पोस्टानेच आलं. दोघी एकाच छपराखाली राहत होत्या, रोज सकाळी एकाच ओट्यावर चहा करत होत्या, तरी ऊर्मिलाने पाकिटाला तिकीट लावलं आणि बाड हॉम्बुर्गला खाली उतरून ते पेटीत टाकलं. उर्सुलाची ऊर्मिला होऊन वीस वर्षं झाली होती, पण नियम म्हणजे नियम.

त्या शनिवारीही सुनेत्रा पाचला उठली आणि तिने पाणी तापत ठेवलं. बाहेर टाऊनुस डोंगराच्या उतारावर फेब्रुवारीचं शिळं बर्फ होतं. हिवाळ्यात देवाला ऊन पाण्याने स्नान घालायची पद्धत तिच्या सासऱ्यांनी, भास्करदादांनी, अगदी पहिल्या वर्षी घालून दिली होती. पूजेत ऊन पाणी सगळीकडेच असतं, पळीभर. इथे मात्र नोव्हेंबर ते मार्च अख्खा तांब्या. हा जयपूरहून आणलेला देव आहे, त्याला या थंडीची सवय नाही, असं दादा म्हणायचे. कोणी हसलं तर त्यालाच पाणी तापवायला धाडायचे.

त्र्याऐंशी साली दादांनी हे बंद पडलेलं गास्टहाऊस घेतलं, तेव्हा मागच्या लांबट पडवीत केगेलबान होती. लाकडी चेंडू घरंगळत सोडून समोरच्या नऊ खुंट्या पाडायच्या, असा तो खेळ. खुंट्या उभ्या राहायच्या तिथे दोन फुटी संगमरवरी दत्त उभा राहिला आणि चेंडू सोडायच्या बाजूला माणसं बसू लागली. दादा गेल्यावर पूजा थोरल्याकडे, रमेशकडे, यायला हवी होती. त्याने सरळ सांगितलं की माझा विश्वास थर्मोडायनॅमिक्सवर आहे, मला यात ओढू नका. धाकटा शिरीष म्युनिकच्या बाजूला उंटरश्लाइसहाइमला, त्याची नोकरी सॉफ्टवेअरची. राहिली सुनेत्रा. दादांच्या मागे फुलं निवडत बसून तिने जे ऐकलं होतं तेवढ्या भांडवलावर ती देवासमोर बसली. त्याला आता अकरा वर्षं झाली होती.

आज ती पूजा जाणार की राहणार, हे ठरायचं होतं. गेली तर सकाळी पाचला उठून काय करायचं, हे तिला माहीत नव्हतं. हे कोणाला बोलून दाखवायचीही तिला लाज वाटत होती. बोललं असतं तर देवासाठी नाही, स्वतःसाठी मागितल्यासारखं झालं असतं. म्हणून गेले चौदा दिवस ती 'सभा ठरवेल ते' एवढंच म्हणत होती आणि मनात मतं मोजत होती. रमेश सोडून सोळा-सोळा येत होती. रमेशचं मत तिने विचारलंही नव्हतं. नवऱ्याला कोणी मत मागतं का?

स्नान झालं आणि रमेश पंचा घेऊन आत आला. "मागचं मी पुसतो, तू वाकू नकोस," तो म्हणाला. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यापासून तो हे रोज म्हणत होता आणि रोज पुसत होता. मूर्ती आणि भिंत यांच्यात जेमतेम हातभर फट, तिच्यात तो सहासष्टाव्या वर्षी आडवा होऊन शिरायचा आणि बराच वेळ देवाची पाठ टिपत राहायचा. मग आश्रमातल्या जर्मन बायकांनी विणलेली लोकरी शाल स्वतःच्या हाताने पांघरायचा. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती, आणि त्यांतली चौतीस हा माणूस देवासमोर फक्त बल्ब बदलायला आला होता. यांना आता गोडी लागलीय, असं सुनेत्राने सासूबाईंना सांगितलं होतं, मुलाला फोनवर सांगितलं होतं. सांगताना तिचा आवाज दर वेळी थोडा ओला व्हायचा.

---

स्वयंपाकघरात दोघी जावा पाठीला पाठ लावून काम करत होत्या. मत कुठेही पडो, बाराचा नैवेद्य व्हायचाच होता. शिरीषची बायको नीता शिरा परतत होती, सुनेत्रा घेवडा निवडत होती. दत्ताला घेवडा लागतोच, आणि तो फ्रांकफुर्टच्या तुर्की दुकानातून आणायला शिरीष काल संध्याकाळी वाट वाकडी करून गेला होता. मीठ कुठे आहे, झाकण दे, एवढंच बोलणं चाललं होतं.

नीताला आपण कोणाचं वाईट करतोय असं मुळीच वाटत नव्हतं. गेल्या चार वर्षांत फ्रांकफुर्टच्या आसपास पुण्या-मुंबईची चाळीस तरी घरं नव्याने आली होती. कोणाला मुलाची मुंज करायची होती, कोणाला बारसं, कोणाला सत्यनारायण. ती माणसं इथे येत, प्रसाद घेत आणि विचारत. वहिनी सांगत, मला फक्त रोजची पूजा येते, बाकीचं दादांनी मला शिकवलं नाही. माणसं हळूहळू येईनाशी होत. नीताने खटपट करून नाशिकचे एक तरुण, शिकलेले गुरुजी शोधले होते. त्यांच्या व्हिसासाठी फेरआइनचा ठराव लागत होता. वहिनी साठीच्या झाल्या, गुडघ्यांना पट्टे बांधून पायऱ्या उतरतात, त्यांना आराम मिळेल, हेही तिने स्वतःला सांगून ठेवलं होतं. ते पूर्ण खोटं नव्हतं.

सुनेत्रा पानं मांडायला बाहेर गेली तेवढ्यात रमेश आत आला. दार लोटून म्हणाला, "नीता, माझं मत गुरुजींना."

नीताचा हात थांबला. "भाऊजी, वहिनींना माहीत आहे?"

"नाही."

"मग मला कशाला सांगितलंत?"

त्याने ओट्यावरचं भांडं उचलून बघितलं. चहा आहे का, विचारलं, आणि गार झालेला चहा उभ्याउभ्या पिऊन निघून गेला. नीताला खरं तर आनंद व्हायला हवा होता, एका मतासाठी तिने आठवडाभर फोन केले होते. पण तिला दुसऱ्याच्या पिशवीत हात घातल्यासारखं वाटलं. शिरीष आला तेव्हा तिने त्याला सांगितलं. तो खूश झाला. रमेशदादा शेवटी प्रॅक्टिकल निघाला, म्हणाला.

"शिरीष, मी असं कधी केलं तर तू माझ्याशी बोलशील का?" नीताने विचारलं. शिरीषला तिचा प्रश्न कळला नाही. शिरा मात्र तळाला लागला, आणि नीताने तो लागलेला भाग गुपचूप स्वतःच्या ताटलीत काढून ठेवला.

---

सासूबाईंना, मनोरमाबाईंना, ऐकू कमी येत असे, पण शहाऐंशीव्या वर्षीही त्यांची नजर घारीची होती. त्यांना केगेलबानच्या भिंतीशी, रेडिएटरला टेकून, मानाच्या खुर्चीत बसवलं होतं. त्यांच्यासकट तेहतीस माणसं, त्यांतली जवळजवळ अर्धी गोरी. सगळे गुण्यागोविंदाने बसलेले दिसत होते, म्हणजे भांडण होणार हे बाईंनी ओळखलं.

पहिले चार विषय ऊर्मिलाने वीस मिनिटांत उरकले. पाचव्याला नीता उठली. ती नीट बोलली. वहिनींबद्दल एक शब्द वावगा काढला नाही, उलट तीनदा आभार मानले, आणि प्रत्येक वेळी सुनेत्राची मान थोडी खाली गेली. मग सुनेत्राचा मुलगा सत्यजित उठला. आईसाठी तो वोल्फ्सबुर्गहून साडेतीन तास गाडी चालवून आला होता. इथे माणसं मुंजीसाठी नाही, शांततेसाठी येतात, आणि ती शांतता आईच्या आवाजात आहे, असं तो जर्मनमध्ये बोलला, त्यामुळे ऊर्मिलाच्या बाजूच्या बायकांनी डोळे पुसले आणि पुण्याच्या नव्या मंडळींना अर्धंच कळलं. एक तरुण बाप म्हणाला की माझा मुलगा आठ वर्षांचा झालाय, त्याची मुंज मी कुठे करू तेवढं सांगा. शेवटी ऊर्मिलाने सुनेत्राचं म्हणणं विचारलं तर ती म्हणाली, सभा ठरवेल ते.

बाईंना सुनेचा राग आला. अगं बोल की, असं त्यांच्या ओठांवर आलं होतं.

ऊर्मिलाने हात वर करायला सांगितले. गुरुजी यावेत असं वाटणारे आधी. बाई डोळ्यांनी मोजत गेल्या. नीता, शिरीष, नवी मंडळी, आणि दोन जर्मन बायका ज्यांची बाईंना अजिबात अपेक्षा नव्हती. सोळा झाले. ऊर्मिला पेन्सिल टेकवणार एवढ्यात खिडकीशी उभा असलेला त्यांचा थोरला मुलगा हलला. रमेशचा हात वर आला, पण पुरता नाही, कानापर्यंत. शाळेत उत्तराची खात्री नसली की तो असाच हात वर करायचा.

ऊर्मिलाने दोनदा मोजलं. सतरा. मग उलट बाजू मोजली, तीही दोनदा. सोळा. "आल्झो, तर मग," असं म्हणून तिने आकडे प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, उतरवले.

सत्यजित बापाकडे बघत राहिला. सुनेत्राने कोणाकडेच बघितलं नाही. ती उठली, दोन-तीन रिकामे पेले उचलले आणि आत गेली. पेले उचलायची तेव्हा काहीच गरज नव्हती. थोड्या वेळाने रमेशही गेला. बाईंनी सत्यजितला खुणेने जवळ बोलावलं आणि त्याचं मनगट घट्ट धरून ठेवलं. त्याने मागे जाऊन काही बोलू नये म्हणून.

---

काही बिनसलं की रमेश तळघरात हाइत्सुंगच्या, म्हणजे घर तापवणाऱ्या बॉयलरच्या, खोलीत जायचा. बॉयलरशी बोलताना त्याला शब्द शोधावे लागत नसत. सुनेत्राने त्याला तिथेच गाठलं. तिने दार लावून घेतलं, ते बघून तो स्टुलावरून उठला.

"कारण सांगा," ती म्हणाली.

तो गुडघ्यांबद्दल बोलायला लागला. डॉक्टरने काय सांगितलं होतं, पायऱ्या किती आहेत.

"गुडघे माझे आहेत, ते मला कळतात. छत्तीस वर्षांत तुम्ही माझ्याविरुद्ध कुठे हात वर केला नाहीत. भाजी आवडली नाही तरी गप्प बसता. आज चारचौघांत केलात. खरं सांगा."

रमेशने फळीवरच्या डब्यातून फीलर गेज काढलं. पोलादाच्या पातळ पात्यांचा जुडगा, प्रत्येक पात्यावर जाडी कोरलेली, फट किती आहे हे मोजायचं कारखान्यातलं साधन. त्याच्या हातात ते हजार वेळा तिने पाहिलं होतं. तो तिला घेऊन मागच्या जिन्याने गाभाऱ्यात आला. देवापुढे ओढलेल्या पडद्यापलीकडे माणसांची कुजबुज चालू होती. त्याने देवाची शाल काढली आणि सुनेत्राला भिंतीकडून टॉर्च धरायला सांगितलं.

डाव्या खांद्यापासून कमरेपर्यंत, दगडातल्या करड्या शिरेच्या कडेने, एक रेघ उतरली होती. तिच्यात काहीतरी पांढरट भरून घासून सारखं केलेलं होतं, पण मधूनमधून ते सुटलं होतं. रमेशने एक पातं त्यात सरकवलं. ते सहज आत गेलं.

"मागच्या फेब्रुवारीत याच्या निम्म्या जाडीचं जात नव्हतं," तो म्हणाला. "तीनदा भरली मी. दगड चिकटवायचा आधेसिव्ह असतो, दोन ट्यूब मिसळायच्या. धरत नाही. थंडीत दर वेळी वाढते."

"कधीपासून?"

"दोन हजार सहाचा जानेवारी. पंप गेला होता, दोन रात्री इथे हीटिंग नव्हतं. सकाळी आत उणे सहा. देव दोन रात्री गारठला म्हणून तू पाणी नेहमीपेक्षा कढत केलंस. नळ गोठले होते, म्हणून त्या दिवशी मी बादली घेऊन मागे उभा होतो. तू मंत्र म्हणत होतीस, तुला ऐकू गेलं नाही. मला आवाज आला. गरम चहात बर्फ टाकल्यावर येतो तसा."

सुनेत्राने टॉर्च खाली केला. रमेशला वाटलं की तिला चक्कर येईल. त्याने हात पुढे केला, तो तिने बाजूला सारला.

"म्हणजे तुम्ही पाठ पुसत नव्हतात," ती म्हणाली. "तपासत होतात."

"हो."

"मला वाटलं तुम्हाला गोडी लागली. मी आईंना सांगितलं. सत्यजितला सांगितलं. रोज तुम्ही आत यायचात आणि मला वाटायचं, उशिरा का होईना, आले." तिचा आवाज चढला नाही, उलट बारीक झाला. "भंगलेल्या मूर्तीची पूजा करत नाहीत, हे तुम्हालाही माहीत आहे. दोन वर्षं तुम्ही मला करू दिलीत."

"मला देवाचं काही वाटलं नाही तेव्हा. तुझंच वाटलं. एक दिवस ती उभी दुभंगणार. फिजिक्स आहे, टळणारं नाही. ती तुझ्या हातात दुभंगली तर तू त्यातून उठणार नाहीस. म्हणून म्हटलं, दुसऱ्याच्या हातात जाऊ दे. गुरुजी आले, चार महिन्यांनी तडकली, लोक म्हणतील अपघात. पंप मी वेळेवर बदलला असता तर हे झालंच नसतं, तेही आहे."

"त्या नाशिकच्या पोराच्या हातात? बायको घेऊन परक्या देशात येणार बिचारा, आणि तुम्ही त्याच्या हातात हे देणार?"

दोन वर्षं रमेशने सगळ्या बाजूंनी विचार केला होता आणि ही बाजू त्याच्या कागदावर आलीच नव्हती.

"मला विचारायचं होतंत," सुनेत्रा म्हणाली.

"सुरुवातीला मी नुसतं तपासायलाच जात होतो," तो म्हणाला. "नंतरचं मला सांगता येणार नाही. पण रोज जायचो. रविवारीसुद्धा. रविवारी काही मोजत नव्हतो."

सुनेत्राने ते ऐकलं. शाल उचलली, पण देवाला पांघरली नाही. हातावर घेऊन ती पडद्यापाशी गेली.

---

पडदा सरकला तेव्हा नीता पानांवर मीठ वाढत होती. वहिनींचा चेहरा बघून ती मिठाची वाटी घेऊन तशीच उभी राहिली. रडून आलेल्या असतील असं तिला वाटलं होतं, पण डोळे कोरडे होते.

सुनेत्राने मराठीत सांगितलं आणि सत्यजितने मागोमाग जर्मन केलं. मूर्ती भंगली आहे. दोन वर्षांपूर्वी, माझ्या हातून, कढत पाण्याने. मला आज कळलं. सत्यजितचं जर्मन 'माझ्या हातून'पाशी अडलं. त्याने तो शब्द गाळून वाक्य पुरं केलं. पण ऊर्मिलाला मराठी कळत होतं. तिने तोंडावर हात ठेवला.

मग सगळेच बोलायला लागले. कोणी म्हणालं की हे अशुभ आहे. शिरीष म्हणाला की आता लक्षात येतंय, याच दोन वर्षांत माझी शुगर वाढली.

"तुझी शुगर दत्ताने नाही वाढवली, नीताच्या हातच्या लाडवांनी वाढवली," मनोरमाबाई खुर्चीतून म्हणाल्या. त्यांना हवं तेव्हा ऐकू यायचं.

एवढ्यात रमेश पुढे आला. त्याच्या हातात अजून ते फीलर गेज होतं. मला हे आधीपासून ठाऊक होतं, तिला नव्हतं, असं त्याने मोघम काही न ठेवता सांगितलं. मी मत दिलं ते यासाठी. ते मला परत घ्यायचंय. ऊर्मिलाने घटनेची वही उघडली. तिचे डोळे भरले होते, तरी तिने बोट ठेवून वाचलं की नोंदलेलं मत परत घेता येत नाही. नवं मतदान हवं तर पाचव्या हिश्शाच्या सभासदांच्या सह्या, आणि चौदा दिवस आधी पत्र. पोस्टाने.

नीताने मिठाची वाटी खाली ठेवली. गेला आठवडाभर तिने ज्या सतरा मतांसाठी जिवाचं रान केलं होतं, ती तिला आता नकोशी झाली. गुरुजी तिला अजूनही हवे होते. पण असे नाही. "पेन दे, ऊर्मिला," ती म्हणाली आणि कोऱ्या कागदावर पहिली सही तिने केली. शिरीष तिच्याकडे बघत राहिला. तिने पेन त्याच्या हातात दिलं.

"थांबा," सुनेत्रा म्हणाली. "सह्या करा, पण माझं ऐकून करा. पंधरा दिवसांनी पुन्हा हात वर करा, आणि सगळं माहीत असून करा. मला मुंज लावता येत नाही. मूर्ती माझ्या हातून गेली. हे दोन्ही खरं आहे. आणि मला पूजा हवी आहे. सकाळपासून मी 'सभा ठरवेल ते' म्हणत होते, ते खोटं होतं. मला ती हवी आहे, खूप हवी आहे. ज्यांना तरीही गुरुजी हवे असतील त्यांनी खुशाल त्यांना मत द्यावं. मला दया म्हणून कोणी देऊ नका."

अकरा वर्षांत तिने एवढं लांबलचक काही आपल्यासाठी मागितलं नव्हतं. त्या तरुण बापाने मान खाली घातली. नीताला वाटलं, हे वहिनी आधी बोलल्या असत्या तर आपण नाशिकला फोन करायच्या आधी यांना केला असता.

---

बारा वाजून गेले होते. पानं वाढलेली होती, शिरा थिजत चालला होता, आणि देवाला नैवेद्य दाखवायचा होता. भंगलेल्या मूर्तीला तो दाखवता येत नाही, आणि देवाच्या आधी कोणी जेवत नाही. तेहतीस माणसं पानांशी खोळंबली होती. शिरीष म्हणाला, नाशिकला फोन लावून विचारूया. पण बोलता बोलताच तोही इतरांसारखा सुनेत्राकडे बघायला लागला. तासाभरापूर्वी जिची पूजा काढून घेतली होती तिच्याकडेच सगळे बघत होते.

"फोन संध्याकाळी करा, पुढचं सगळं त्यांना विचारून करू," सुनेत्रा म्हणाली. "आत्ता कलश मांडते. देवाला विनवायचं, मूर्तीतून पाण्यात ये. नवी मूर्ती येईपर्यंत पूजा कलशाची. दादांनी एकदा सांगितलं होतं."

"हे एकटीने करायचं नाही," मनोरमाबाई म्हणाल्या. "जोडीने बसावं लागतं. रमेश, हातपाय धुऊन ये."

रमेशने हात धुतले, कोपरापर्यंत. तो आला तेव्हा सुनेत्राने तांब्याचा कलश तांदळावर ठेवला होता, आंब्याचे डहाळे नव्हते म्हणून बागेतल्या तमालासारख्या झुडपाची पाच पानं त्यात खोचली होती. दोन पाट मांडले होते. मूर्तीवर शाल पांघरली होती, डोक्यावरून.

कुठे बसायचं ते त्याला कळेना. जोडीने पूजा असली की नवरा पूजा करतो आणि बायको त्याच्या उजवीकडे बसून त्याच्या हाताला हात लावते, एवढं त्याने लग्नात आणि दादांच्या वेळी पाहिलं होतं. सुनेत्रा एका पाटावर बसलीच होती. तिने उजवीकडच्या पाटावर हाताने थापटलं. ती बायकोची जागा होती. मागे कोणीतरी हसू दाबलं. रमेश मांडी घालायची धडपड करत तिथे बसला.

सुनेत्राने आचमन केलं आणि थांबली. तिच्या आत अजून सगळं पेटलेलं होतं. रोज सकाळी तो पंचा घेऊन आत येताना तिला जे वाटलं होतं, ते सगळं एक एक करून आठवत होतं आणि प्रत्येक आठवणीबरोबर राग नव्याने येत होता. रविवारी काही मोजत नव्हतो, हे तो म्हणाला होता. तेही आठवत होतं. त्याचं काय करायचं ते तिला कळत नव्हतं.

"हात लावा," ती हळू म्हणाली.

रमेशने हात मांडीवरच ठेवला होता. "तू रागावली आहेस."

"आहे. आज जायचा नाही. पंधरा दिवसांनी जाईल असंही नाही. तरी हात लावा."

त्याने तिच्या कोपराला हात लावला. मांडी जमत नव्हती, म्हणून त्याचा भार त्या हातावर आला. तिचं कोपर हललं आणि पळीतलं थोडं पाणी पाटावर सांडलं. सुनेत्राने पळी पुन्हा भरून घेतली. हात काढा, असं ती म्हणाली नाही.